हार्लनच्या झाडाला पाणी

आपलं धरण पाहून सरकारी बाई पाठ थोपटूनच जाणार, याबद्दल ऑरिन पीझलीच्या मनात तिळमात्र शंका नव्हती! अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमधल्या त्या तळ्याच्या मंडळाचा तो अध्यक्ष. तळं काठावरच्या बंगलेवाल्यांच्या मालकीचं, पोहायला, बोटी फिरवायला आणि गळ टाकून बसायला अडवलेलं. धरण म्हणजे गवत उगवलेला मातीचा लांबलचक बांध. ऑरिनने त्यावरचं गवत भादरलं, कठड्याला पांढरा रंग दिला, झेंडा लावला आणि स्वतःही इस्त्रीचा शर्ट चढवला. शनिवारी बोटींची शर्यत होती. त्याआधी तपासणी उरकली की चारचौघांत मिरवायला तो मोकळा!

तपासणीला आलेल्या वेलेटबाई तरुण इंजिनिअर होत्या. त्यांनी रंगाकडे पाहिलं नाही, झेंड्याकडे पाहिलं नाही. रबरी बूट घातले आणि तडक बांधाचा मागचा उतार उतरू लागल्या.

"इथे ही झाडं कशी?"

"आठवणीची!" ऑरिन छाती फुगवून म्हणाला. "आमच्यातलं कुणी गेलं की त्याच्या नावाने बांधावर एक झाड लावतो आम्ही. जागा सगळ्यांच्या मालकीची ना! हे बघा, हे हार्लनचं मेपल. माझ्या आधीचा अध्यक्ष. यंदाच्या उन्हाने बाकीच्या झाडांनी माना टाकल्या, पण हा पठ्ठ्या बघा कसा हिरवागार!"

वेलेटबाईंना त्या हिरवेपणाचं काडीचं कौतुक वाटलं नाही. मेपलखाली त्या घोट्यापर्यंत चिखलात रुतल्या होत्या.

"इथे पाऊस कधी झाला?"

"छे हो, पावसाचा पत्ता नाही! ते व्हर्नाचं पाणी. हार्लनची बायको. ते खालचं निळं घर तिचं. बिचारी रोज येऊन झाडाला पाणी घालते."

"तुम्ही पाहिलंय तिला घालताना?"

"त्यात बघायचंय काय? दुसऱ्याच्या दुःखात आपण कशाला डोकवावं!"

खरं तर ही ओल ऑरिनने वसंतातच पाहिली होती. अगं, इतकं पाणी नको घालूस, असं सांगावं असंही एकदा त्याच्या मनात आलं. पण व्हर्ना दर रविवारी ब्लूबेरीचा गरम केक घेऊन त्याच्या दारात उभी! ऑरिन एकटा माणूस. केक कशासाठी येतो, हे त्याने मनाशी परस्पर ठरवून टाकलं होतं आणि रविवारी तो गुळगुळीत दाढी करून बसत असे. अशा बाईला 'नवऱ्याच्या झाडाला पाणी कमी घाल' असं कोणत्या तोंडाने सांगणार? तो गप्प बसला होता.

मेपलच्या मुळाशी एक बारीक धार झुळझुळत होती. वेलेटबाईंनी काचेची बाटली काढली, ती भरून घेतली आणि उन्हात धरली. पाणी दुधाच्या चहासारखं दिसत होतं.

"नितळ असतं तर एक वेळ ठीक होतं," त्या म्हणाल्या. "हे गढूळ आहे. म्हणजे मुळांच्या वाटेने बांधातली माती वाहून चाललीय. आतून पोकळ होतोय हा! त्या बाईंना बोलवा. आत्ताच्या आत्ता!"

व्हर्ना एप्रनला हात पुसत आली.

"व्हर्ना, सांग गं यांना!" ऑरिन घाईने म्हणाला. "झाडाला रोज तूच पाणी घालतेस ना?"

"मी? हे गुडघे घेऊन बादली वर आणू? काहीतरीच! तूच घालतोस की!"

"मी?"

"मग कोण? जमीन कायम ओली असते. मी म्हटलं, ऑरिनच करत असणार, बोलून न दाखवता. म्हणून तर दर रविवारी केक आणते!"

ऑरिनचा चेहरा खर्रकन उतरला. केक झाडासाठी होता! आणि थेंबभर पाणी न घालता त्याने तो दर रविवारी चवीचवीने खाल्ला होता.

"मग पाणी घालतंय कोण?" व्हर्नाने विचारलं.

वेलेटबाईंनी बांधाकडे बोट केलं. बांधाच्या पलीकडे, तिघांच्या डोक्याहून उंच, अख्खं तळं उभं होतं.

व्हर्ना मेपलकडे पाहत राहिली. "मला वाटायचं," ती हळूच म्हणाली, "माझ्याशिवाय आणखी कुणाला तरी त्याची आठवण येते."

ऑरिनला गलबलून आलं. काहीतरी बोलायलाच हवं होतं. "केक फार छान असायचे," तो म्हणाला.

"गप्प बस, ऑरिन!"

वेलेटबाईंनी भराभर हुकूम सोडले. धरणाचा दरवाजा उघडून तळ्याचं पाणी हळूहळू उतरवायचं. झाडं नंतर काढायची. बांध फुटला तर पहिलं व्हर्नाचंच घर वाहून जाणार, म्हणून तिने मात्र या क्षणी घर सोडायचं.

"माझी वरची खोली रिकामी आहे," ऑरिन चाचरत म्हणाला.

"तुला या धरणावर लक्ष ठेवायला नेमलं होतं," व्हर्ना म्हणाली, "आणि मी त्याच्या खाली झोपत होते, ऑरिन. रोज." तिने मांजर, औषधं आणि हार्लनचा फोटो गाडीत टाकला आणि ती बहिणीकडे निघून गेली.

ऑरिन दरवाजाच्या चाकाला भिडला. चाक गंजलेलं. इस्त्रीचा शर्ट घामाने अंगाला चिकटला, तेव्हा कुठे ते करकरत फिरलं आणि पाणी सुटलं. धक्क्याला बांधलेल्या बोटी चिखलावर बसू लागल्या तसे काठावरचे बंगलेवाले बाहेर आले.

"अहो पीझली, वेड लागलंय का? शनिवारी शर्यत आहे!"

"खाली व्हर्नाचं घर आहे!" ऑरिन जिवाच्या आकांताने ओरडला. इतकी वर्षं त्याला ते ठाऊक होतं, पण मोठ्याने म्हणाला तो आजच.

काठावर क्षणभर कुजबूज झाली. मग पलीकडून आवाज आला, "पण ती तर आत्ताच गेली ना गाडी घेऊन! मग आता कशाला सोडताय?"

ऑरिनने पुन्हा चाकावर भार टाकला.