राणीसाहेबांच्या बंदुकीस नवी नळी बसली, तो मजकूर

श्रीकुलस्वामिनीचे पायी मस्तक ठेवोन, ऐकिले तैसे लिहिले असे. शके अठराशे एकोणसाठ, ईश्वरनाम संवत्सर. एक राज्य होते, लहानच, परंतु मान मोठा. आणि राणीसाहेबांचा नेम तर असा की, शेजारील सरदार नेमबाजीच्या सामन्याआधीच पोटदुखीची सबब काढीत. त्यांची बोल्टाची, म्हणजे मागचा दांडा लोटोन मिटावयाची, रायफल सिलेखान्यात, शस्त्रांच्या कोठीत, असे आणि तेथील दारोगा रंगोजीबाबा, चाकरीस एकतीस वर्षे जाहलेली. खंडेनवमीस बाबांनी भक्तीने शस्त्रे पूजिली, आणि रायफलीचे तोंडी झेंडूचे फूल दिले, आणि ते पडू नये म्हणोन देठाशी चिंधीचा बोळा ठोसिला. मग फूल सुकोन गळाले, बोळा आतच राहिला. कार्तिकात राणीसाहेबांनी बार काढिला, तो नळी मध्येच फुगली, जैसा अजगराने ससा गिळावा. दैवे करोन राणीसाहेबांस ओरखडाही आला नाही. महाराज संतप्त होवोन बोलिले, "आठ दिवसांत बंदूक नीट न जाहली तर दारोगांनी किल्ल्या ठेवाव्या आणि गावी जावे." बोळ्याचे वर्तमान बाबांवाचोन कोणास ठाऊक नव्हते.

तेसमयी बाबांच्या थोरल्या सूनबाई उमाबाई, बाबांचे काम बघोन बघोन बंदुकीची कारागिरी शिकलेल्या, पुढे जाहल्या. बाबा म्हणाले, "सूनबाई, माझा हात आता चालत नाही गं." बाई म्हणाल्या, "मामंजी, तुम्ही नुसते शेजारी बसा आणि सुचवू नका." मग वाळवीने लाकडी दस्ता खाल्लेली त्याच जातीची दुसरी बंदूक होती, तिची नळी घेतली, आणि फुगलेल्या नळीचा पेच तेल पाजोन तीन दिवस मऊ केला, आणि लाकडी चिमट्यात धरोन ती उलगडिली, आणि नवी बसविली, आणि केसाकेसाने घासोन जुळविली. आठवे दिवशी महाराज पाहावयास आले. बाईंनी काडतुसाच्या आकाराची दोन पोलादी मापे काढिली. धाकट्यावर बोल्ट मिटला, थोरल्यावर मिटेना. महाराज म्हणाले, "मिटत नाही! मग केले काय आठ दिवस?" आणि स्वतः जोर लावू लागले. बाई म्हणाल्या, "हात काढा, महाराज." दरबारी दोन पावले मागे सरले. बाई म्हणाल्या, "थोरल्यावर मिटला असता तर आत जागा फाजील राहोन काडतूस मागे फुटोन राणीसाहेबांचे तोंडावर आले असते. मिटत नाही, तेच बरोबर." महाराजांनी हात काढिला. राणीसाहेब म्हणाल्या, "आमचे तर इतकी वर्षे ऐकिले नाही हो!"

मग बंदूक चौकटीस बांधोन, भिंतीआडोन दोरी ओढोन पहिला बार काढिला, नळी शाबूत. मग राणीसाहेबांनी पाच बार काढिले, पाचही जांभळाएवढ्या जागेत. वाहवा जाहली. इतक्यात बाबा किल्ल्या घेवोन उभे राहिले. उमाबाईंनी फुगल्या नळीत चिंधीचे जळके धागे पाहिले होते, त्या डोळ्यांनी 'गप्प बसा' म्हणत होत्या. बाबांनी तिकडे पाहिलेच नाही आणि बोळ्याचे वर्तमान सांगितले. राणीसाहेब म्हणाल्या, "म्हणजे पूजा करोन आम्हासच मारीत होतात की!"

"होय, आईसाहेब. हे हात आता नकोत."

राणीसाहेब बोलिल्या, "हात नकोत, खरेच. हत्यारास हात उमाबाई लावतील. परंतु न विचारता ज्याने खरे सांगितले, त्याच्या पहाऱ्यातली बंदूक आम्ही डोळे मिटोन उचलू. किल्ल्या कमरेस लावा, बाबा." महाराजांनी मान डोलाविली.

येणेप्रमाणे जाहले. नळी बदलली, दारोगा बदलला नाही.