पडद्याचे धागे

कॉम्प्युटरच्या स्क्रीनवरच्या सोळा चौकोनांपैकी एकाच चौकोनातली रेघ उड्या मारत होती. बाकीच्या पंधरांत ती तळाला सपाट पडलेली. अशोकराव पुराणिकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि स्वयंपाकघराच्या दिशेने ओरडले, "अलका, मी फसलो!"

अशोकराव देवासच्या एका कारखान्यातल्या ड्रॉइंग ऑफिसातून गेल्या वर्षी रिटायर झाले होते. आता ते घरबसल्या कॉम्प्युटरवर इमारतींची चित्रं काढत. धारच्या मराठी समाजाला नवं सभागृह बांधायचं होतं, तेव्हा अध्यक्ष मल्हाररावांना त्यांनी शब्द दिला होता, "हॉल उभा राहण्याआधीच तुम्हाला त्यातून फिरवून आणतो. दोन मिनिटांची फिल्म!" त्यासाठीच कमलच्या दुकानातून सोळा कोअरचा नवा कॉम्प्युटर आणला होता. कोअर म्हणजे आत बसलेले कामकरी, जितके जास्त तितकं काम लवकर, असं त्यांनी अलकाताईंना समजावलंही होतं. सभा रविवारी होती, आज बुधवार, आणि मशीन फिल्मसाठी एकशेदहा तास मागत होतं.

"सोळा जण दिले म्हणाला, आणि राबतोय एकटाच!"

"बाकीचे जेवायला गेले असतील," अलकाताई पोळी उलटत म्हणाल्या.

अशोकरावांनी कॉम्प्युटर उचलला आणि रिक्षात घालून दुकान गाठलं. कमल तिशीचा, दोन वर्षांपूर्वीच त्याने हे दुकान टाकलेलं. परीक्षेचे फॉर्म भरायला आलेल्या पोरांची आणि त्यांच्या बापांची गर्दी होती. कमलने मशीन जोडलं, आपली चाचणी लावली. सोळाच्या सोळा रेघा वर चढल्या.

"देखो काका साब, सब दौड़ रहे हैं."

"तुझाच पेपर आणि तूच तपासणार! माझं सॉफ्टवेअर चालव."

ते चालवल्याबरोबर पंधरा रेघा खाली पडल्या. गर्दीतून "अरेऽऽ" असा आवाज आला.

कमल गोंधळला. "काका साब, ये सॉफ्टवेअर मैंने कभी चलाया नहीं. एक दिन मशीन छोड़ जाओ, किसी से पूछ के बताता हूँ."

"एक दिवस ठेवू? म्हणजे उरलेला एकही काढून घेशील!"

सगळं दुकान हसलं. कमलचे कान लाल झाले. मशीन पुसून त्याने स्वतः रिक्षात ठेवून दिलं.

आपलं वाक्य अशोकरावांना इतकं आवडलं की घरी येताच त्यांनी ते समाजाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, दुकानाच्या नावासकट. संध्याकाळपर्यंत धार, देवास, बदनावर सगळीकडून संताप गोळा झाला. कुणाचा प्रिंटर फिका छापत होता, कुणाचा माऊस अडकत होता. त्यातल्या दोघांनी तर त्या दुकानातून कधी काही घेतलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मल्हाररावांचा फोन आला.

"पुराणिक, आपल्या वाचनालयाचे बारा कॉम्प्युटर त्याच कमलकडून येणार होते. कॅन्सल केले. तुम्ही वाचवलंत बरं का!"

"समाजासाठी एवढं तर करायलाच हवं," अशोकराव म्हणाले.

शुक्रवारी इंदूरहून मुलीचा, वेदिकाचा फोन आला. ती सॉफ्टवेअरमधली. तिने सगळं ऐकून घेतलं.

"बाबा, सेटिंगमध्ये थ्रेड्स म्हणून एक रकाना आहे. तिथे किती लिहिलंय?"

"एक."

"एक? ते आपोआप सोळा असतं. कुणी बदललं?"

"मीच. स्टेजचे पडदे गोणपाटासारखे दिसत होते गं. थ्रेड्स म्हणजे धागे ना? मला वाटलं, सोळा धागे म्हणजे कापड जाडंभरडं होणार. म्हणून एक केला. एकदम मलमल."

फोनवर वेदिकाने कपाळावर हात मारल्याचा आवाज आला.

"बाबा," वेदिका म्हणाली, "त्याचा पडद्याशी काही संबंध नाही. किती कोअरना कामाला लावायचं, ते तिथे सांगायचं असतं. पंधरा जणांना तुम्ही स्वतः घरी बसवलंत."

अशोकरावांनी एकाचे सोळा केले. सोळाही रेघा छतापर्यंत गेल्या. पंखा घरघरू लागला आणि त्या आवाजात त्यांना दुकानातलं हसू ऐकू येत होतं. त्यांनी ग्रुप उघडला. तो मेसेज आता पुसून उपयोग नव्हता, सगळ्यांनी वाचला होता. माफीचे चार शब्द लिहिले, खोडले, पुन्हा लिहिले.

"दुकानात ओरडताना शब्द जुळवायला लागले नव्हते," अलकाताई म्हणाल्या.

"रविवारी सगळ्यांसमोर बोलतो. तोंडाने."

फिल्म आठ तासांत झाली. रविवारी धारच्या सभेत ती दाखवली, टाळ्या पडल्या. पडदे अजूनही गोणपाटासारखेच होते. मग अशोकराव बोलायला उठले.

"कमलची काही चूक नाही. मशीन उत्तम आहे. मीच पडद्याचे धागे समजून पंधरा कोअर बंद केले होते, आणि त्या पोराची चारचौघांत अब्रू काढली. त्याची ऑर्डर परत द्या."

मल्हारराव सावकाश उभे राहिले. त्यांचे डोळे ओलावले होते.

"पाहिलंत? एका दुकानदाराची रोजी वाचावी म्हणून हा माणूस स्वतःला मूर्ख ठरवून घेतोय! तीस वर्षं ड्रॉइंग ऑफिसात काढलेला माणूस धागे न् कोअरमध्ये चुकेल?"

"अहो, चुकलो! खरंच चुकलो!"

"बस करा पुराणिक, किती मोठं मन!" मागून कुणीतरी म्हणालं, आणि टाळ्या फिल्मपेक्षा जोरात पडल्या. ऑर्डर तिथेच परत दिली गेली.

सोमवारी दुकान उघडताच अशोकराव तिथे हजर. कमलने गल्ल्यामागून येऊन त्यांचे पाय धरले. "काका साब, मेरे लिए आपने सबके सामने झूठ बोला!"

आता मात्र अशोकरावांना राहवलं नाही. त्यांनी पेनड्राइव्हवरून आपलं सॉफ्टवेअर दुकानातल्या मशीनवर चालवलं, थ्रेड्सच्या रकान्यात एक लिहिलं, आणि रेघा खाली पडताच त्यांवर बोट ठेवून म्हणाले, "हे बघ. हे मी केलं होतं. या हातांनी. मला माफ कर, बेटा."

कमलने स्टूल पुढे ओढलं, त्यांना बसवलं आणि चहा सांगितला.

"माफ किया, काका साब. पर अब ये बात किसी को बताना मत."

"का रे? मी तर सगळ्यांना सांगणार."

"समाज के भिया लोगों को पता चला कि सोलह में से पंद्रह अपने हाथ से बंद होते हैं," कमलने आवाज खाली आणला, "तो बारह के बारह कंप्यूटर बंद करके मेरे पास ले आएँगे."

अशोकरावांनी वचन दिलं. तेव्हापासून समाजात कुणी त्यांना हात जोडले, की ते मान खाली घालून भराभर पुढे निघून जातात. आणि मागून ऐकू येतं, "बघा, वर विनयही केवढा!"