उघडं पिंप

सोनवणे अण्णा कुणाच्याही घरी पुढच्या दाराने आल्याचं मला आठवत नाही. ते आधी मागच्या अंगणात जात, पिंपाचं झाकण उचलत, आत बॅटरी मारत आणि ओरडत, "हलतंय का काय?" उत्तरही तेच देत. डासाची एखादी अळी वळवळताना दिसली, की घरातल्या कर्त्या माणसाची खैर नसे. काहीच हललं नाही, तरच मग "काय, बरंय ना?" अशी माणसांची चौकशी.

नाशिकला गंगापूर रोडवर आमची बंगल्यांची कॉलनी नवी होती, नव्वदच्या दशकातली. पावसाळा सरत आला की घरटी एक जण हुडहुडी भरून गोधडीत. अण्णा मूळचे निफाडकडचे. सगळी नोकरी हिवताप खात्यात, पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर तापकऱ्यांच्या बोटाला सुई टोचण्यात गेली. निवृत्त होऊन आमच्या शेजारी आले, ते खातं सोबत घेऊनच. शुक्रवार हा कॉलनीचा 'कोरडा दिवस' असल्याचं त्यांनी परस्पर जाहीर केलं. त्या दिवशी साठवलेलं सगळं पाणी ओतायचं आणि भांडी घासून पालथी घालायची. नळाला आधीच करंगळीएवढी धार. बायका तोंडावर "हो अण्णा" म्हणत आणि पाठ फिरली की बोटं मोडत.

सत्यनारायणाच्या पूजेत त्यांनी नारळ उचलून कलशात डोकावून पाहिलं, तेव्हा गुरुजी मंत्र विसरले. माझ्या धाकट्या बहिणीला बघायला नाशकातल्याच द्वारका चौकाकडची मंडळी आली. पोह्यांच्या बशा हातात, आणि अण्णांनी मुलाच्या वडिलांना विचारलं, "गच्चीवरच्या टाकीला झाकण हाय का?"

"नाही बुवा," ते गोंधळून म्हणाले.

"मग पोरगी द्यायची नाय."

मी कपाळावर हात मारला. मुलगा मात्र गुणी, दुसऱ्याच दिवशी त्याने झाकण बसवलं. लग्नात अण्णांनी आहेर केला तो कडीच्या डब्यातून, गप्पी मासे. "टाकीत सोडा. अळ्या खाऊन जगत्यात, जावयावाणी मानपान लागत नाय!"

थट्टा राहू दे, पण कॉलनीतला ताप हटला. खिडक्यांना जाळ्या आल्या, टाक्यांना झाकणं आली, उघडी गटारं बंदिस्त झाली. पुढे दोन हजार सालानंतर एकेक बंगला पाडून इमारती झाल्या आणि फाटकावर वॉचमन बसला. "किससे मिलना है?" तो विचारी. अण्णांना पिंपाला भेटायचं असे, ते काय सांगणार? सोनवणेकाकू वारल्या होत्या, मुलगा पुण्याला. शुक्रवारची फेरी हेच त्यांचं माणसांत येणं, आणि आता जायला घरच उरेना. बॅटरी मांडीवर घेऊन ते ओट्यावर बसलेले दिसत. मला फार वाईट वाटायचं.

माझी बायको सुमन वाईट वाटून घेत बसणारी नाही. आमचा बंगला अजून उभा होता. गुरुवारी संध्याकाळी ती मागचं पालथं पिंप सुलटं करी, भरी आणि झाकण भिंतीला टेकवून ठेवी. शुक्रवारी अण्णा गरजत, "सूनबाई, पुन्हा उघडं?" मग पाणी झाडांना, अण्णांना चहा आणि आम्हाला पाड्यावरच्या गोष्टी. गोळी कडू म्हणून झाडावर चढून बसलेला म्हातारा, आणि ताप उतरल्यावर त्यानेच आग्रहाने खाऊ घातलेली नागलीची भाकरी. ही भाकरी आम्ही दर शुक्रवारी आवडीने ऐकत असू.

अशी काही वर्षं गेली. एका शुक्रवारी सुमन नेहमीसारखी म्हणाली, "लक्षातच राहत नाही बघा, अण्णा."

अण्णा पिंपात वाकले होते. त्यांनी बॅटरी विझवली.

"सूनबाई, जन्मभर पाणीच बघितलंय मी. हे कालचं हाय. दर शुक्रवारी कालचंच असतं. एका रात्रीत अळी होत नाय."

सुमनचा चेहरा उतरला. मलाही कुठे बघावं कळेना. तिने घाईघाईने झाकण उचललं आणि पिंपावर ठेवायला गेली. अण्णांनी ते तिच्या हातातून घेतलं आणि पुन्हा भिंतीला टेकवलं.

"राहू द्या उघडंच," ते म्हणाले. "पुढच्या शुक्रवारी मी काय बोलून आत यायचं?"