इनासदादाची डावी बाजू

इनासदादाच्या लॅपटॉपचा कीबोर्ड पाहिला की तो एकाच माणसाने वापरलाय यावर विश्वास बसत नाही. डावीकडच्या कळा झिजून गुळगुळीत झाल्यात. ए, एस, डी कधीच पुसले गेले, ईची एक आडवी रेघ तेवढी उरलीय. आणि उजवीकडच्या कळा? काल दुकानातून आणल्यासारख्या कोऱ्या. पी आणि एलच्या मध्ये तर मी एकदा चक्क धूळ पाहिली. बोट फिरवून त्याला दाखवलीसुद्धा.

"पी बापडा एकटाच ऱ्हातो," तो म्हणाला. "त्याच्याकडे कोनी जात नाय." आणि पुढे काम सुरू.

माउस त्याच्याकडे नाही असं नाही. तो दाराआड खिळ्याला, छत्रीच्या शेजारी, वायरने टांगलेला आहे. कंपनीने दिला त्या दिवसापासून तो तिथेच आहे.

कागदोपत्री त्याचं नाव इग्नेशियस. उमेळ्यात सगळे इनास म्हणतात आणि मी इनासदादा म्हणते. वय छप्पन्न. शाळांची वेळापत्रकं लावून देणारं सॉफ्टवेअर बनवणारी आमची एक छोटी कंपनी आहे, त्यातला हा सगळ्यात जुना प्रोग्रामर. कंपनीने मुंबईतलं ऑफिस सोडलं आणि सगळ्यांना आपापल्या घरी बसवलं, तेव्हा कळलं की आमच्यातली दोनच माणसं खाडीच्या या बाजूला राहतात: विरारला चौदाव्या मजल्यावर मी, आणि उमेळ्याला वाडीत इनासदादा. तेव्हापासून दर बुधवारी मी स्कूटर काढते आणि त्याच्या पडवीत जाऊन कामाला बसते. घरी सासूबाई दर अर्ध्या तासाने "झालं का गं?" असं विचारतात, हे त्याचं एक कारण. दुसरं कारण म्हणजे ती पडवी.

पडवीसमोर बावखल आहे. बावखल म्हणजे वाडीला पाणी मिळावं म्हणून जुन्या लोकांनी खणलेलं तळं. दुपारी त्यावर ऊन पडतं आणि उन्हाची एक जाळी पडवीच्या छताला लागून हलत राहते. पलीकडे केळी, त्यापलीकडे नारळ आणि नारळांच्या वर डोकं काढून उभी असलेली सात मजली इमारत. एखादा खंड्या पाण्यावर निळी रेघ मारून जातो. पहिल्या बुधवारी त्या छताकडे बघण्यात माझा अख्खा तास गेला. एक ओळ लिहून झाली नाही, आणि मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही.

आता त्याच्या शॉर्टकटांविषयी सांगायला हवं. आम्ही ज्यात कोड लिहितो त्याला एडिटर म्हणतात. हात पटपट चालावा म्हणून त्यात शॉर्टकट असतात. दोन कळा एकदम दाबल्या की फाइल सेव्ह होते, दुसऱ्या दोन दाबल्या की शोध सुरू होतो. हे शॉर्टकट आपल्याला हवे तसे बदलून घेता येतात. माझ्यासारखी माणसं दोन-चार बदलतात आणि त्यातले दोन विसरतात. इनासदादाने एकही जागेवर ठेवलेला नाही. सगळे गोळा करून डावीकडे आणलेत. एवढंच नाही, डाव्या अंगठ्याने स्पेसची कळ दाबून धरली की त्याची डावीकडची अक्षरं उजवीकडची होतात, आरशात व्हावीत तशी. एफ दाबला की जे उमटतो. त्यामुळे तो अख्खा कोड डाव्या हाताने लिहितो, आणि मी दोन हातांनी लिहिते त्यापेक्षा लवकर लिहितो. याचा मला बरेच दिवस राग होता.

"हात हलवायचा नाय," हे त्याचं ब्रीद. "हात हलला की इचार पळतो."

बरं, शॉर्टकटांना नावंही गावाकडची. फाइलच्या अगदी शेवटी जायचं त्याचं नाव विरार. कोडमधल्या एखाद्या शब्दाच्या, दूर कुठेतरी लिहिलेल्या मूळ व्याख्येकडे उडी मारायची ती जूचंद्र, कारण त्याच्या मते तिथे पोचायला नायगाव ओलांडून जावं लागतं. आणि कितीही भटकलो तरी आधी जिथे होतो तिथे परत आणणारा शॉर्टकट म्हणजे उमेळे. मी विरारची, त्यामुळे मला हे लागलं.

"विरार म्हणजे शेवट का?" मी विचारलं. "पुढे डहाणू आहे."

"फायलीत नाय."

काम करताना तो ही नावं पुटपुटतो. दुपारच्या वेळी, डोळे अर्धे मिटलेले, छतावर ती जाळी हलतेय आणि हा आपला "जूचंद्र... जूचंद्र... उमेळे" करतोय. शेजारच्या कोणी ऐकलं तर त्यांना वाटेल दादा जपमाळेची प्रार्थना म्हणतोय.

आमच्या मॅनेजरबाई सुप्रिया, राहायला ठाण्याला. त्यांनी एकदा तिथूनच त्याच्या कॉम्प्युटरचा ताबा घेतला. एका शब्दाची चूक सुधारायची होती, एवढंच. त्यांनी शब्द सुधारला आणि सवयीने सेव्हच्या कळा दाबल्या. फाइल बंद झाली. भलत्याच तीन उघडल्या. त्या सावरायला गेल्या तर अक्षरं मोठी व्हायला लागली, आणि शेवटी अख्ख्या स्क्रीनवर एकच कंस उरला, दारासारखा. आम्ही नऊ जण मीटिंगमध्ये तो कंस बघत बसलो होतो.

"हात लावू नका मॅडम," इनासदादा शांतपणे म्हणाला. "ती मला वळखते, तुम्हाला नाय."

आणि त्याचा उजवा हात? तो काय करतो, हा प्रश्न मलाही पडला होता. टेबलाला खेटून, त्याच्या उजव्या बाजूला, एक जुनी लाकडी आरामखुर्ची असते. काम करताना त्याचा उजवा हात त्या खुर्चीच्या हातावर पडलेला असतो, तळवा वर करून. मी सासूबाईंना सांगितलं की तो हात केळी खायला राखून ठेवलाय. त्या खुर्चीत कोणी बसत नाही. मी एकदा तिच्यात पर्स ठेवली होती. तो लगेच उठला, पर्स उचलली आणि खिळ्याला, माउसच्या शेजारी, टांगून आला.

घरात तो एकटाच. लग्न केलं नाही. आय होती; तिच्या आजारपणामुळे तो आम्हा सगळ्यांच्या आधीपासून घरूनच काम करायचा. मी पडवीत यायला लागले त्याच्या आदल्या वर्षी ती गेली. भिंतीवर तिचा फोटो आहे, खिळ्याला तिची जपमाळ आहे, आणि तिच्याबद्दल तो बोलत नाही. मीही विचारलं नाही. बोलायचा तो भलत्याच गोष्टी. एकदा म्हणाला, "बाय, काल सपनात मी अनडू दाबला."

अनडू म्हणजे केलेलं परत घेणं. एकदा दाबलं की शेवटची चूक जाते, पुन्हा दाबलं की त्याच्या आधीची.

"मग?"

"ती समोरची बिल्डिंग. एक एक मजला उतरला. मग पाया बुजला. मग चिकूची झाडं आली, बिल्डिंगीला जागा विकली त्या भावांनी तोडली होती ती. दाबतोय नि येतायत. पानी किती चढलं बावखलात!"

"आणि?"

"अजून थोडं दाबायचं होतं. जाग आली." तो बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला. मीही बघत राहिले. त्या दिवशी आमच्या दोघांचंही काम झालं नाही.

गेल्या महिन्यात सुप्रियाबाईंचं फर्मान आलं. सगळ्यांना नवे लॅपटॉप, सगळ्यांचे शॉर्टकट सारखे. कोणीही कोणाच्या मशीनवर बसून काम करू शकलं पाहिजे. जुनी मशीनं शुक्रवारी परत जाणार. यात त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, त्या कंसाच्या समोर मीही बसले होते. पण मीटिंगमध्ये इनासदादा कधी नव्हे ते दोन वाक्यं बोलला. "मला तसं नाय जमनार. शुक्रवारी माझं मशीन न्या, मी वाडी बघीन." आणि गेला.

सुप्रियाबाईंचा मला लगेच फोन. तुझं ऐकतो तो, तूच बघ. मी बघायचं ठरवलं, आणि त्यात माझा स्वार्थ होता हे कबूल करते. इनासदादाने काम सोडलं तर मला बुधवार कुठून मिळणार होता?

बुधवारी नवा लॅपटॉप घेऊन मी पडवीत पोचले तेव्हा तो पंप लावायला वाडीत निघाला होता. "तुला काय करायचं ते कर," म्हणाला, आणि केळींत दिसेनासा झाला. मी टेबल आवरलं. वायर बोर्डापर्यंत पोचेना म्हणून आरामखुर्ची जरा बाजूला सरकवली. नवं मशीन मांडलं आणि जुन्यावर त्याची शॉर्टकटांची फाइल उघडली. ठरवलं असं होतं की एकेक शॉर्टकट बघायचा आणि हळूहळू त्याला दोन हातांच्या वळणावर आणायचं. शिकवायची हौस दांडगी असते आमच्यासारख्यांना.

प्रत्येक शॉर्टकटच्या वर त्याने मराठीत एक ओळ लिहिली होती. आम्ही सगळेच अशा ओळी लिहितो, काय केलं आणि का केलं हे मागाहून कळावं म्हणून. मी वरून वाचायला लागले.

"आयचा हात धरला की थरथर थांबते. सेव डावीकडे आनला."

"आज तीन तास सोडला नाय. शोध डावीकडे."

"झोपली वाटून हात काढला. लगेच जागी झाली. परत नाय काढनार. कंस डावीकडे."

"आय विचारते, माझ्यामुळे काम अडतं काय रे? नाय अडत. उजवी अक्षरं सगळी डावीकडे."

पुढे खाली:

"आय विचारते मी कुठं हाय. उमेळ्यात हायस, सांगितलं. दिवसभर तेच विचारते. परत जायच्या कळेला तेच नाव दिलं."

आणि सगळ्यात शेवटी, जिथे तो विरार म्हणतो तिथे:

"आता दोन्ही हात मोकळे. बदलायचं मन होत नाय."

मला रडू आलं. केळी खायला राखून ठेवलेला हात म्हणून मी घरी सगळ्यांना हसवलं होतं, त्याची लाज वाटली. ती खुर्ची कोणाची हे मला एवढ्या बुधवारांत कळू नये? मी फाइल जशीच्या तशी, त्या ओळींसकट, नव्या मशीनवर घेतली. एडिटरमध्ये दोन वेगळी प्रोफाइल ठेवता येतात. एकात सगळ्यांचे शॉर्टकट लावले, दुसऱ्यात त्याचे. सुप्रियाबाईंना कळवलं की नियम पाळलाय, फक्त इनासदादाला दुसरं एक दार ठेवलंय. त्यांचा "चालेल" असा निरोप आला.

तो परत आला, हातपाय धुतले. जुन्या मशीनवर फाइल उघडीच होती.

"वाचलंस काय?"

"हो."

"शुद्धलेखन नाय बगायचं," तो म्हणाला, आणि नव्या मशीनसमोर बसला. कोऱ्या कळांवरून त्याने बोटं फिरवली. "दोन्ही बाजू सारख्याच हायत गं हिच्या."

मग डावा हात ठेवून काम सुरू केलं, आणि सगळं चुकायला लागलं. शेवटी जायचं तर मध्येच कुठेतरी अडकला. कंस उघडला तो मिटेना. मी फाइल पुन्हा तपासली. ओळ न् ओळ बरोबर होती. एडिटर बंद करून उघडला, मशीन बंद करून उघडलं. पुन्हा तेच. डावा हात अडखळत होता आणि इनासदादाच्या चेहऱ्यावर, मी कधी पाहिलं नव्हतं, असं काहीतरी घाबरलेलं दिसत होतं.

"ऱ्हाऊ दे बाय," तो म्हणाला. "नाय जमत. सांग त्यांना, शुक्रवारी या."

मी काहीतरी बोलायला वळले आणि तेव्हा माझं लक्ष खाली गेलं. त्याचा उजवा हात हवेत होता. तो स्क्रीनकडे बघत होता आणि हात आपला आपण खाली, बाजूला, काहीतरी चाचपत होता. पोचत नव्हता. खुर्ची मीच हातभर लांब सरकवली होती.

मी उठले, खुर्ची दोन्ही हातांनी उचलली आणि टेबलाला खेटून ठेवली. तिचा हात अगदी त्याच्या कळांसारखा गुळगुळीत लागला. इनासदादाने वर पाहिलं नाही. त्याचा हात खाली आला, लाकडावर टेकला आणि तळवा वर झाला. छतावरची जाळी हलत होती, वाडीत पंप चालला होता. मग डावीकडच्या कळा वाजायला लागल्या, आधी सावकाश, मग भराभर.

"विरार," तो पुटपुटला. "पोचलो."

"आता?"

"आता उमेळे," इनासदादा म्हणाला, आणि डोळे मिटून त्याने ती कळ दाबली.