वस्तू कालबाह्य झाली आहे

शुक्रवारी दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी चंद्रिका बिराजदारने एक बटण दाबलं आणि बसवज्योत शिक्षण मंडळाचे चारशे बारा संगणक नव्या प्रणालीत जाऊन बसले. पडद्यावर हिरव्या अक्षरांत 'आयात यशस्वी' असं आलं. चंद्रिकाने खुर्चीला पाठ टेकवली, डबीतली बडीशेप तोंडात टाकली आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. तो श्वास जेमतेम दीड मिनिट टिकला.

मंडळाचं मोठं कॉलेज जुळे सोलापुरात, आणि अक्कलकोट, कुर्डुवाडी, मोहोळ अशा गावांत शाळा. कुठला संगणक कुठे आहे, कुणाकडे आहे आणि किती वर्षांचा झाला, ही सगळी माहिती आजवर एकाच ठिकाणी होती. भांडारपाल धोंडप्पा म्हेत्रे यांच्या 'डेड स्टॉक'च्या जाडजूड नोंदवहीत. नोंदवहीत शेवटचा रकाना शेऱ्याचा होता आणि धोंडप्पा तो रकाना कधी मोकळा सोडत नसत. 'लवकर तापतो', 'दुपारनंतर बंद पडतो', 'टपली मारल्यास चालतो'. जे दिसलं ते लिहिलं, असा त्यांचा खाक्या.

मंगळवारी तपासणी समिती यायची होती. कागदावर संगणक चारशे बारा, आणि खोल्याखोल्यांतून फिरून मोजले की भरायचे दोनशे त्र्याण्णव. लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन शिकवायला म्हणून जे घरोघरी गेले होते, त्यांना कॉलेजचा रस्ताच आठवत नव्हता. गेल्या तीन वर्षांत सहा परिपत्रकं निघाली. सहाही परिपत्रकांवर सगळ्यांनी 'वाचले' म्हणून सही केली आणि संगणक जागचा हलला नाही.

"आधी नोंदवही आहे तशी आत घाल की," संगणक विभागाचे प्रमुख महेश्वर कलशेट्टी यांनी तिला सांगितलं होतं. "समितीला पडद्यावर आकडा दिसला म्हणजे झालं. बाकीचं मग बघू."

चंद्रिका सहा महिन्यांच्या करारावर होती आणि त्यातले पाच संपले होते. तिने अख्खी नोंदवही एक्सेलमध्ये उतरवली. मग तक्त्यातला कोणता रकाना प्रणालीतल्या कोणत्या रकान्याला जोडायचा, ते ठरवायचं काम आलं. प्रणालीने विचारलं, 'नाव?' तक्त्यातही 'नाव' असा रकाना होता. चंद्रिकाने नावाला नाव जोडलं. कोणीही तेच केलं असतं. फक्त प्रणालीला वस्तूचं नाव हवं होतं, आणि धोंडप्पांच्या रकान्यात वस्तू ज्याच्या ताब्यात, त्या माणसाचं नाव होतं.

तिने आधी स्वतःची नोंद घालून चाचणीही घेतली होती. पण तिचा संगणक नवा होता. पाच वर्षांहून जुन्या वस्तूंबद्दल संबंधितांना नोंद होताच, न विचारता मोबाइलवर संदेश जातो, हे त्या चाचणीत कळायला काही मार्गच नव्हता.

पहिला संदेश कलशेट्टींच्याच मोबाइलवर वाजला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून तो मोठ्याने वाचला.

"'महेश्वर कलशेट्टी' ही वस्तू कालबाह्य झाली आहे. शेरा: सुरू व्हायला फार वेळ लागतो. सदर वस्तू शनिवारी दुपारी चारपर्यंत चालू स्थितीत, सर्व वायरींसह, मुख्य भांडारात जमा करावी. जमा न झाल्यास वस्तू गहाळ समजून घरी येऊन चौकशी करण्यात येईल." त्यांनी मान वर केली. "चंद्रिका, हे काय करून बसलीस गं?"

"सर, मजकूर तुम्हीच लिहून दिला होता की."

"मजकूर माझा आहे गं! त्यातली वस्तू मी नाहीये!"

तोवर मजल्यामजल्यावर मोबाइल वाजू लागले. इतिहासाचे सोमशेखर येमुल सर वर्गातून तरातरा बाहेर आले. त्यांच्या शेऱ्यात 'आवाज फार, काम कमी' असं होतं. ग्रंथालयातल्या बाईंच्या नावापुढे 'मागची बाजू सुटली आहे, दोरीने बांधली आहे' असं आलं होतं, आणि त्या रडत होत्या की हसत होत्या, हे लांबून कळत नव्हतं.

"ताबडतोब रद्द कर!" कलशेट्टी ओरडले.

चंद्रिकाने घाईघाईने सगळ्या नोंदी निवडल्या आणि 'रद्द' वर बोट ठेवलं. प्रणाली आज्ञाधारक होती. तिने सगळ्यांना दुसरा संदेश पाठवला. 'सदर वस्तू संस्थेच्या नोंदीतून कायमची रद्द करण्यात आली आहे. आजवरच्या सहकार्याबद्दल आभार.'

मग कलशेट्टींनी प्रणाली विकणाऱ्या पुण्याच्या कंपनीला फोन लावला. तिथल्या मुलीने फार गोड आवाजात सगळं ऐकून घेतलं, संदेश बंद केले, रद्द झालेल्या नोंदी परत आणल्या, आणि गेलेले संदेश परत येत नसतात, हेही तितक्याच गोडपणे सांगितलं.

पाच वाजता प्राचार्या राजेश्वरी हिरेमठ यांनी चंद्रिकाला बोलावलं. मॅडमच्या टेबलावर मोबाइल पालथा ठेवलेला होता.

"माझा चष्मा घरी राहिलाय," मॅडम म्हणाल्या. "माझ्या नावापुढं काय शेरा आहे, तेवढा वाच."

चंद्रिकाने मोबाइल उचलला, वाचला आणि खाली ठेवला.

"मोठ्याने."

"लवकर तापतो," चंद्रिका पुटपुटली. "पंख्याखाली ठेवल्यास... व्यवस्थित चालतो."

मॅडमनी एकदा छताकडे पाहिलं. मग उठल्या, पंख्याचं बटण दोनाचं चारावर केलं आणि परत येऊन बसल्या.

"मंगळवारी समिती येतेय. त्याच्या आत हे सगळं निस्तर. निस्तरलंस तर पुढचं बघू. नाहीतर महिनाअखेरीला तुझी मुदत संपतेच आहे."

चंद्रिका बाहेर आली ती थेट भांडारात गेली. धोंडप्पा नोंदवही मांडीवर घेऊन बसले होते. दुपारपासून त्यांना अकरा जणांनी झापलं होतं.

"मामा, चुकलं माझं," ती म्हणाली. "तुमचं लिहिलेलं मी सगळ्यांना वाटलं."

"म्या यंत्राबद्दल लिवलं हुतं, पोरी. मानसाबद्दल न्हाय." त्यांनी नोंदवही मिटली. "पर येमुल सरांचं वाचून मला बी वाटलं, दोन्हीकडं बसतंय की."

तिला हसू आलं आणि लगेच डोळ्यांत पाणीही आलं. धोंडप्पांनी आपल्या तांब्यातलं पाणी तिच्यापुढे सरकवलं.

"तुमच्या नावापुढं काय आलंय, मामा?" तिने डोळे पुसत विचारलं.

"माझ्या? 'अजून खोक्यात हाय'." त्यांनी कोपऱ्याकडे बोट केलं. सात वर्षांपूर्वी त्यांच्यासाठी आलेला संगणक तिथे जसाच्या तसा होता. "कुनी शिकवलंच न्हाय तर उघडून काय करू?"

"उद्या उघडू," चंद्रिका म्हणाली. "उद्या सगळे भांडायला येतील, तेव्हा मी इथंच दारात बसणार आहे. एकेकाची माफी मागते. दुसरं काय करू?"

शनिवारी सकाळी साडेआठला ती भांडाराच्या पायरीवर टेबल मांडून बसली, तेव्हा एक माणूस आधीच तिथे उभा होता. अक्कलकोटच्या शाळेतला शिपाई तिप्पण्णा. पहिल्या एसटीने आला होता. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला विभूती, हातात भाकरीचं फडकं.

"नमस्कार म्याडम. मी जमा व्हायला आलोय."

"अहो, तुम्ही नाही. संगणक जमा करायचा होता. तोही नाही. माझी चूक झाली."

"मेसेजात तर माझंच नाव हाय. वायरी कुटल्या आनायच्या ते कळलं न्हाय, म्हनून हे आनलंय." त्याने खिशातून मोबाइलचा चार्जर काढून टेबलावर ठेवला.

चंद्रिकाने त्याला खाली बसवलं आणि सगळं समजावून सांगितलं. शाळेच्या किल्ल्या तिप्पण्णाकडे असत, म्हणून तिथला संगणक नोंदवहीत त्याच्या नावावर होता. त्याने सगळं नीट ऐकलं, मान डोलावली आणि मग जरा लाजत विचारलं, "म्हंजे ते खाली लिवलंय, ते बी माझं न्हाय व्हय?"

तिने त्याचा शेरा काढून पाहिला. 'जुना आहे पण दणकट. बदलण्याची गरज नाही.'

"नातीनं तीनदा वाचून दाखवलं बगा," तिप्पण्णा म्हणाला. "छत्तीस वर्सं झाली, पर कुनी असं लिवून दिलं न्हाय."

चंद्रिका आत गेली. मंडळाच्या छापील कागदावर तीच दोन वाक्यं तिने वळणदार अक्षरात लिहिली, वर तिप्पण्णाचं नाव घातलं आणि खाली धोंडप्पांची सही घेतली. तिप्पण्णाने कागद घडी न करता दोन्ही हातांत धरून नेला.

पावणेदहाला फाटकातून एक स्कूटर आत आली. स्कूटरवर येमुल सर, आणि त्यांच्या दोन पायांमध्ये चादरीत गुंडाळलेलं काहीतरी. चंद्रिका माफी मागायला उठली. पण सर भांडले नाहीत. त्यांनी इकडेतिकडे पाहत चादर सोडली आणि आतून मंडळाचा संगणक निघाला.

"मी देणारच होतो," ते म्हणाले. "घरी यायची काही गरज नाही. आमच्या हिला उगीच टेन्शन."

चंद्रिकाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ज्यांच्या घरी संगणक नव्हता, ते शेरा वाचून चिडले होते किंवा हसले होते. ज्यांच्या घरी होता, त्यांनी शेरा वाचलाच नव्हता. त्यांनी वाचलं होतं ते शेवटचं वाक्य. चोराच्या मनात चांदणं. तिने माफीचे सगळे शब्द गिळले, लॅपटॉप उघडला आणि शांतपणे म्हणाली, "या सर, नोंद करून घेते. मामा, मागचा नंबर वाचा."

अकरापर्यंत फाटकापासून भांडारापर्यंत रिक्षांची रांग लागली. प्रत्येक जण उतरताना "मी देणारच होतो" म्हणत होता. एका संगणकावर दसऱ्याची हळद-कुंकवाची बोटं अजून ताजी होती. एकावर कुणाच्या तरी पोराने वाघाची चित्रं चिकटवली होती. एकाच्या झाकणातून शेंगदाण्याच्या चटणीचा असा काही वास आला, की धोंडप्पांनी नंबर वाचायच्या आधी डोळे मिटून घेतले. कुर्डुवाडीहून दोन शिक्षक मिळून चार संगणक रेल्वेने घेऊन आले. हमालाने जास्त मागितले म्हणून ते चंद्रिकाकडेच तक्रार करत होते.

या खेपेला ती नावाला नाव जोडत नव्हती. प्रत्येक यंत्र डोळ्यांसमोर होतं. त्याच्या नंबराला वेगळा रकाना, वापरणाऱ्याला वेगळा, जागेला वेगळा. मधल्या वेळात तिने धोंडप्पांचं खोकं उघडलं आणि त्यांना माऊस हातात धरायला लावला. पहिल्यांदा तो त्यांनी उचलूनच धरला. दुपारनंतर मात्र ते एका बोटाने स्वतः नंबर टाइप करू लागले. शेऱ्याच्या रकान्याशी आले की ते थबकायचे.

"हितं काय लिवू?"

"खरं तेच लिहा, मामा. संदेश आता बंद आहेत."

चार वाजता कलशेट्टी मोजायला आले. एकदा मोजलं, दोनदा मोजलं. हवे होते एकशे एकोणीस, भरले एकशे तेवीस.

"चार जास्त कसे?" ते म्हणाले. "कमी भरले तर मला कळतं. जास्त म्हणजे काय की?"

तपास केला. तीन संगणक लोकांनी स्वतःच्या पैशाने घेतलेले निघाले. खात्री नव्हती, उगीच घरी चौकशी नको, म्हणून तेही आणून टाकले होते. चौथ्याच्या पाठीवर मात्र धोंडप्पांच्या हातचा नंबर नव्हता. तिथे शहरातल्याच दुसऱ्या एका कॉलेजचं स्टिकर होतं. दोन वर्षांपूर्वी मंडळ सोडून त्या कॉलेजात गेलेल्या एका प्राध्यापकांचं नाव आणि मोबाइल नंबर अजून नोंदवहीत होता. संदेश त्यांनाही गेला होता. त्यांनी घाबरून मंडळाचा संगणक आणला आणि त्याच्याबरोबर नव्या कॉलेजचाही.

हे सगळं सांगायला चंद्रिका, कलशेट्टी आणि धोंडप्पा मॅडमच्या खोलीत गेले. मॅडमनी आकडे पाहिले आणि चष्मा काढून पुन्हा पाहिले. एवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. तो जुना, दणदणीत आवाजाचा फोन होता. पलीकडचं बोलणं दारातल्यालाही ऐकू यायचं.

"हिरेमठ मॅडम का? नमस्कार." पलीकडे त्याच दुसऱ्या कॉलेजचे प्राचार्य होते. "आमचा एक संगणक तुमच्याकडं जमा झालाय म्हणे."

"हो. घेऊन जा की."

"नेतो, नेतो. दुसरं काम होतं. आमचेही शंभरेक सापडत नाहीत बघा. तुमच्याकडं कोण त्या बिराजदार बाई आहेत, त्यांनी एका दिवसात सगळे गोळा केले असं ऐकलं. करारावर आहेत ना? महिनाअखेरीला संपतोय म्हणे. आमच्याकडं जागा आहे. सोमवारी पाठवता का?"

चंद्रिका जागच्या जागी खिळली. कलशेट्टी खिडकीबाहेर पाहू लागले. राजेश्वरी मॅडमनी फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

"छे हो, करारावर कुठल्या?" त्या म्हणाल्या. "आमच्या कायम नोकरीत आहेत त्या. तुम्हाला कुणी चुकीचं सांगितलं." आणि फोन ठेवला.

मॅडमनी ड्रॉवर उघडला, मंडळाचा एक कोरा छापील कागद काढला आणि कलशेट्टींच्या हातात दिला.

"बिराजदार बाईंचं कायम नेमणुकीचं पत्र टाइप करून आणा. अध्यक्षांना मी आत्ता फोन करते." कलशेट्टी दारापर्यंत पोचले, तशी त्यांनी पुन्हा हाक मारली. "आणि कलशेट्टी, तारीख कालची घाला. मी खोटं बोलत नसते."