नानांना काहीच नको

धुळ्याला देवपुरात नानांचं हार्डवेअरचं दुकान होतं, आणि आपल्या दुकानात आलेलं गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दुकानात नेऊन पोचवणं हा त्यांचा धंदा होता. थट्टा नाही करत! एक बाई नळ घ्यायला आल्या. बोलता बोलता घरही रंगवायचंय म्हणाल्या. झालं! नानांनी अर्धं शटर ओढलं, "चाल माय, मी येस तुनासंगे" म्हणत त्यांना थेट रंगाऱ्याच्या दारात नेलं, बाईंच्या वतीने घासाघीस केली, वर चहा पाजला. नळ राहिलाच. तो बाईंनी येताना दुसरीकडून घेतला.

आता मी जळगावला पिंप्राळ्यात असतो. इथे कुणाला पत्ता विचारला की मोबाइलवर नकाशा येतो. नाना म्हणायचे, "बोट दाखाडं तर रस्ता समजस, माणूस समजत नही."

मी तेव्हा देवपुरात शेतीपंपाच्या जळालेल्या मोटारींची तार नव्याने गुंडाळायचं, म्हणजे रिवाइंडिंगचं, दुकान थाटलं होतं आणि दोन महिने माशा मारत होतो. पुण्याला नोकरी धरायचं ठरवलंच होतं. एका सकाळी नाना स्कूटरवरून एका शेतकऱ्याला आणि त्याच्या जळक्या मोटारीला घेऊन हजर! "हाऊ पोऱ्या चांगला शे," त्यांनी ठणकावून सांगितलं. अहो, त्यांनी माझी नुसती पाटी वाचली होती!

"नाना, माझं काम बिघडलं असतं तर?" मी नंतर विचारलं.

"तर शिव्या द्यायलाही मीच आलो असतो."

दर मंगळवारी सकाळी आम्ही वीसेक व्यापारी एका हॉलमध्ये जमायचो. उपमा-चहा झाला की एकेकाने उठून आपल्याला कसलं गिऱ्हाईक हवंय ते सांगायचं. कुणाला ठाऊक असेल तर त्याने चिठ्ठीवर नाव लिहून द्यायचं. आम्ही हावरटासारखे मागायचो. नानांची पाळी आली की ते सगळं आहे म्हणत हात जोडायचे, "बठ्ठं शे. माले काहीच नको." आणि खिशातून पाच-सहा चिठ्ठ्या काढून वाटत सुटायचे.

मला ते फार टोचायचं. माझं दुकान उभं राहिलं ते या माणसामुळे, आणि त्याला मी काय दिलं? शून्य! एकदा तरी नानांना काही द्यायचंच, असं मनाने घेतलं. दोन गिऱ्हाईकं त्यांच्याकडे पाठवली, तर त्यांनी ती तिसरीकडे पोचवली. काय करावं या माणसाला!

शेवटी एका मंगळवारी मी अडूनच बसलो. "नाना, आज मागितल्याशिवाय उठायचं नाही." सगळ्यांनी माझी री ओढली.

नाना उभे राहिले. टोपी काढली, परत घातली.

"मागू का खरंच? मग संध्याकाळले जेवाले एखादा माणूस धाडी द्या. तुमनी काकू गयी त्याले तीन वरीस व्हयनात. भाकरी अजून दोघांपुरत्याच होतात माझ्याकडून."

साऱ्या गावाच्या गिऱ्हाइकांची खबर ठेवणारे आम्ही, आणि नाना एकटे जेवतात हे एकालाही माहीत नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली. चिठ्ठी ओढली, तिच्यावर माझंच नाव लिहिलं आणि त्यांच्या हातात दिली.

नानांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली. घडी करून वरच्या खिशात ठेवली.

"तिखट चालस ना रे तुले?"

मला तिखट अजिबात चालत नाही.

"चालतं की नाना," मी म्हटलं, "चांगलं झणझणीत करा."