चुलीवर लोखंड परत आलें त्याची हकीकत

श्रीअन्नपूर्णेच्या चरणीं मस्तक ठेवून, जिच्या कृपेनें अन्नाचें रक्त होतें आणि रक्ताच्या बळावर राज्यें उभीं राहतात, तिच्या स्मरणें ही हकीकत लिहिली. श्रोतीं स्वस्थ चित्तें परिसावी. शके सोळाशें बेचाळीस, शार्वरी नाम संवत्सर. राज्य थोर, किल्ले सात, नदी बारमाही, दुभतें विपुल आणि शत्रूचा उपद्रव नाहीं. ऐसें असतां राज्यांतील स्त्रिया दिवसेंदिवस पांढुरक्या होत चालल्या. घागर घेऊन दहा पायऱ्या चढल्या कीं धाप लागे, भोंवळ येई, आणि कित्येकी तर चोरून भिंतीची माती चाटीत. दरबारचे कवी म्हणत कीं आमच्या देशींच्या स्त्रिया चंद्राच्या कांतीच्या, आणि शाली पावत. परंतु बाळंतपणीं थोडें अधिक रक्त गेलें कीं तीच चंद्रकांती हातची जाई, तें मात्र काव्यांत येत नसे.

याचें मूळ तें ऐसें. बारा वर्षांमागें राजजोशी नृसिंहशास्त्री यांनीं विनविलें जे, लोखंड हा शनीचा धातु, तो चुलीवर ठेवणें म्हणजे घरोघर शनीस पाट मांडून बसविणें. महाराज भाविक, आज्ञा जाहली, आणि मुलखांतील कढया, तवे, पळ्या गोळा करून त्यांची एक तोफ घडविली, आणि मग सर्वत्र कल्हईच्या भांड्यांत रांधूं लागले. त्यांत रीत ऐसी कीं पुरुषांच्या पंगती उठल्यावर स्त्रियांनीं बसावें; तोंवर पालेभाजी खपलेली, उसळ तळाशीं गेलेली, मग भात आणि ताक कालवून उठावें.

ते समयीं राणी कमळजाबाई यांस पांचवा मास होता. थोरल्या राणीसाहेब प्रसूतींतच निवर्तल्या होत्या, म्हणून महाराजांनीं पेठेंतील वृद्ध सुईण आवडाई हीस बोलाविलें. राजवैद्य त्रिंबकभट पडद्याबाहेर बसत आणि राणीच्या मनगटास बांधिलेल्या रेशमी दोऱ्यावरून नाडी पाहत. दोरा हालला म्हणजे प्रकृति उत्तम. आवडाईनें पडदा सारिला आणि राणीची खालची पापणी बोटानें ओढून पाहिली, तों आंत पांढरी कवडी. वर्षभरांत तिच्या हातून नऊ बाळंतिणी गेल्या होत्या, आणि नवांच्याही पापण्या ऐशाच होत्या. राणी म्हणाल्या, "आवडाई, खरें सांग, मी वांचेन?" ती म्हणाली, "आज बाळंत झालात तर नाहीं. पण आज कुठें होताय? चार महिने हातांत आहेत. माती कुठली खाता?" राणी लाजल्या. "देवघरामागच्या भिंतीची." "तरीच तिथें खळगा! आणि उंदीर बिचारे फुकट मारले."

मग आवडाई तडक भरदरबारीं जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "महाराज, माझ्या आईच्या वेळीं बाळंतिणी अशा पटापट जात नव्हत्या. तेव्हां भाजी लोखंडाच्या कढईंत शिजे. ती तोफ मोडा आणि आमच्या कढया आम्हांस द्या." जोशीबुवा कोपले. "सुईणीनें ग्रहांत तोंड घालूं नये!" "ग्रह तुमचे, जोशीबुवा, पण बाळंतिणी माझ्या. शनीला चुलीवरून उठवून बारा वर्षें झालीं, मग वर्षभरांत या नऊ जणी कोणीं नेल्या?" महाराजांनीं राजवैद्यांकडे पाहिलें. त्रिंबकभट अडखळत बोलिले, "ग्रंथीं पांडुरोगास लोहभस्मच सांगितलें आहे, महाराज." आवडाई म्हणाली, "अहो वैद्यबुवा, मग बारा वर्षें काय मिठाची गुळणी धरली होतीत?" "आज्ञा होती, बाई," इतकेंच ते बोलिले, आणि मान खालीं घातली. किल्लेदार पुढें होऊन म्हणाले, "तोफ मोडिली तर राज्य राखावें कशानें?" महाराज म्हणाले, "किल्लेदार, आधीं राज्य जन्मास तर येऊं द्या. तोफ मोडा."

मग लोहारांचे भाते चालूं लागले आणि घरोघर कढया गेल्या. राजगिरा, अळू, चवळी त्यांत शिजूं लागलीं, वर लिंबू पिळावें ऐसें ठरलें, वैद्यांनीं भस्माच्या कुप्या उघडिल्या, आणि स्त्रियांचीं पानें पहिल्या पंगतीस मांडावीं ऐसी दवंडी फिरली. गांवोगांवच्या सुईणींनीं दर मासीं पापण्या पाहाव्या, जैसी फौजेची हजिरी. राणी कुरकुरल्या, "भाजी काळी दिसते गं." आवडाई म्हणाली, "काळी खा, म्हणजे तांबड्या व्हाल."

नववा मास भरला, आणि एके दुपारीं राणींस कन्यारत्न जाहलें, आणि रक्त जाऊं लागलें. आवडाईनें पोट दाबून धरिलें, महाराज दाराबाहेर उभे. घटकाभरानें रक्त थांबलें. आवडाईनें पापणी ओढून पाहिली, ती फिकी जाहली होती, परंतु तांबूसपणा गेला नव्हता, आणि राणी डोळे उघडून म्हणाल्या, "हात काढ, दुखतंय." महाराजांनीं हर्षें गांव इनाम सांगितलें. आवडाई हात धूत म्हणाली, "इनामाचें मागाहून पाहूं, महाराज. खालीं चौकांत पेठेतल्या बायका पापण्या दाखवायला केव्हांच्या खोळंबल्या आहेत."

ऐसें वर्तमान जाहलें. पुढील सालीं लढाई नाहीं, मुलूख वीतभर वाढला नाहीं. पेठेंत एक बाळंतीण मात्र गेली, आणि तिच्यासाठीं महाराजांनीं तीन दिवस नगारा बंद ठेविला. पूर्वीं नऊ जात, आणि नगारा वाजतच असे.